हिमवाहनाचा पट्टा कां तुटतो?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत रॉकी पर्वताच्या रांगा कॅनडापासून न्यू मेक्सिकोपर्यंत पसरल्या आहेत. हिवाळ्यांत या भागांतील डोंगरांवर कित्येक फूट भुसभुशीत हिम साचतें, आणि ब्रिटिश कोलंबियांतील रेव्हलस्टोक, माँटॅनांतील कुक सिटी, वायोमिंगमधील टोग्वोटी खिंड अशा ठिकाणीं स्नोमोबाईल नांवाचीं हिमवाहनें घेऊन हौशी लोकांच्या टोळ्या जमतात. टोग्वोटी खिंडीची उंची समुद्रसपाटीपासून ९,६५८ फूट आहे; म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरावर उभें राहून आणखी चार हजार फुटांहून अधिक चढावें, तेव्हां तितकी उंची भरेल.

समजा, अशा एखाद्या डोंगराच्या उतारावर दुपारीं तीनच्या सुमारास एक स्वार वर चढतो आहे. एकाएकीं पुढच्या झांकणाखालीं फटाक्यासारखा आवाज होतो, रबर जळल्याचा उग्र वास येतो, एंजिन मोठ्यानें ओरडूं लागतें. परंतु वाहन मात्र जागच्या जागीं थबकतें. एंजिनाला कांहींएक झालेलें नाहीं. तुटला आहे तो केवळ एक रबरी पट्टा. परंतु मुक्काम पंचवीस-तीस किलोमीटर दूर आहे, हिवाळ्याचा सूर्य पांचच्या सुमारास मावळावयाचा आहे, आणि वाहनावरून खालीं पाऊल टाकावें तों माणूस कमरेपर्यंत हिमांत रुततो. पायीं परत जाण्याची गोष्टच नको. वरच्या उतारावरून हिमाचा कडा केव्हां सुटेल याचा नेम नसतो. म्हणून हा पट्टा कां तुटतो आणि तो तुटूं नये यासाठीं काय करावें, हा प्रश्न त्या प्रदेशांत केवळ खर्चाचा राहात नाहीं.

हिमवाहनाचा जन्मच मुळीं अशा अडचणींतून झाला आहे. विस्कॉन्सिन राज्यांतील सेनर गांवीं कार्ल एलिअसन यानें १९२४ सालीं होडीचें एंजिन बसविलेली एक घसरगाडी तयार केली. कॅनडांतील क्विबेक प्रांतांत जोसेफ-आर्मां बाँबार्डिए या कारागिराचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यांत आजारी पडला. रस्ते हिमानें बंद असल्यामुळें त्याला रुग्णालयांत नेतां आलें नाहीं आणि तो दगावला. हिमावरून चालणाऱ्या गाडीचे प्रयोग हा गृहस्थ आधींपासूनच करीत होता. १९३७ सालीं त्याची सात माणसांची गाडी बाजारांत आली, आणि १९५९ सालीं एकदोघांनीं बसावयाची ‘स्की-डू’ निघाली. आज डोंगरांत वापरतात तें वाहन याच वंशांतलें. पुढें दोन स्की, मागें रबराचा रुंद फिरता ट्रॅक, आणि त्या ट्रॅकवर हिम मागें लोटणाऱ्या अडीच-तीन इंच उंचीच्या रबरी पट्ट्या. डोंगरी वाहनाचा ट्रॅक लांब, सुमारें १५५ ते १७५ इंच असतो. कारण वजन जितकें अधिक जागेवर पसरेल तितकें वाहन भुसभुशीत हिमांत कमी बुडतें. एंजिन दोन धक्क्यांचें, ८५० घन सेंटिमीटरांच्या घरांतलें, आणि शक्ति दीडशे अश्वशक्तींच्याही वर. एवढी सारी शक्ति दीड इंचाच्या आंतबाहेर रुंदीच्या एका पट्ट्यांतून ट्रॅककडे जाते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पट्टा तुटतो याचें नवल न वाटतां तो टिकतो याचेंच नवल वाटूं लागतें.

या वाहनांत मोटारीसारखे दांत्यांचे गिअर नसतात. त्याऐवजीं दोन कप्प्या असतात. एक एंजिनाच्या दांड्यावर, दुसरी ट्रॅकला फिरविणाऱ्या दांड्यावर; आणि दोहोंवरून हा पट्टा जातो. प्रत्येक कप्पी उतरत्या कडांच्या दोन थाळ्या समोरासमोर ठेवून केलेली असते. त्यांपैकीं एक थाळी पक्की आणि दुसरी सरकती. थाळ्या जवळ आल्या म्हणजे मधला पाचरीच्या आकाराचा पट्टा बाहेर, म्हणजे मोठ्या वर्तुळावर ढकलला जातो. दूर गेल्या म्हणजे तो आंत, लहान वर्तुळावर उतरतो. आरंभीं एंजिनाकडील पट्टा लहान वर्तुळावर आणि ट्रॅककडील मोठ्या वर्तुळावर असतो. हा चढणीचा गिअर होय. वेग वाढत जातो तसतसें हें नातें उलटत जातें, आणि मध्यें कोठेंही झटका बसत नाहीं. १९५८ सालीं हॉलंडांतील डाफ कंपनीनें हीच युक्ति मोटारींत आणली. आपल्याकडील वाचकांनाही ती अपरिचित नाहीं. १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा ही बिनगिअरची स्कूटर रस्त्यावर आली, आणि आज पुण्याच्या गल्लीगल्लींतून ज्या बिनगिअरच्या स्कूटर धांवतात, त्यांच्या डाव्या बाजूच्या लांबट पेटींत हाच पट्टा आणि अशाच दोन कप्प्या फिरत असतात. फरक इतकाच कीं, स्कूटरच्या पट्ट्याला सात-आठ अश्वशक्ति ओढावयाच्या असतात.

आतां या थाळ्या जवळ आणतें कोण, हें नीट समजून घेतलें पाहिजे. पुढची सर्व दुरुस्ति त्यावरच अवलंबून आहे. एंजिनाकडील कप्पीला पहिला क्लच म्हणतात. तिच्या आंत एक दणकट स्प्रिंग थाळ्यांना दूर ठेवण्याचा प्रयत्न करते. उलट पक्षीं, बिजागरीवर बसविलेलीं लहान वजनें, बहुधा तीन, फिरण्याच्या वेगानें बाहेर फेंकलीं जातात आणि सरकत्या थाळीला आंत रेटतात. गोफण फिरविणाऱ्याच्या हाताला दगडाची जी ओढ लागते, तीच ही ओढ. एंजिन मंद चालत असतां स्प्रिंग जिंकते, पट्टा मोकळा राहातो आणि वाहन उभें असतें. फेरे मिनिटास साडेतीन-चार हजारांच्या घरांत गेले कीं वजनें जिंकूं लागतात, थाळ्या पट्ट्याला पकडतात आणि वाहन हलतें. ट्रॅककडील कप्पी म्हणजे दुसरा क्लच. तेथील स्प्रिंग उलट काम करते, थाळ्यांना मिटवून धरते. शिवाय तेथें एक पेचदार उतार असतो, त्यास हेलिक्स म्हणतात. ट्रॅकवर ओझें वाढलें म्हणजे या उताराच्या योगानें थाळ्या अधिकच घट्ट मिटतात आणि पट्टा आपोआप चढणीच्या गिअरकडे परत येतो. पहिला क्लच एंजिनाचा वेग ओळखतो, दुसरा क्लच रस्त्याचें ओझें ओळखतो, आणि पट्टा त्या दोघांच्या ओढाताणींत सांपडलेला असतो. हें भांडण समबल असेल तोंवरच त्याची धडगत असते.

ज्यांनीं जुन्या पिठाच्या गिरण्या पाहिल्या आहेत, त्यांना पट्टा घसरणें म्हणजे काय हें सांगावयास नको. जात्यांत दाणे फार पडले कीं एंजिनाचें चाक फिरत राही, पट्टा कुरकुर करी आणि जातें थांबे; मग गिरणीवाला पट्ट्यावर राळ टाकी. हिमवाहनाच्या पट्ट्यावर मात्र राळ किंवा दुसरें कोणतेंही चिकट द्रव्य कधींही लावूं नये. येथें घर्षण हवें तें थाळ्यांच्या योग्य दाबानें यावयाचें असतें. दाब कमी पडला कीं पट्टा घसरतो, घसरला कीं तापतो, तापला कीं रबर मऊ पडून त्याची बाजू आरशासारखी चकचकीत होते, आणि चकचकीत बाजू तर अधिकच घसरते. हें दुष्टचक्र एकदां सुरू झालें म्हणजे कांहीं मिनिटांचाच अवकाश असतो. पट्ट्याच्या पोटांत अरामिड जातीचे बळकट धागे असतात. स्टेफनी क्वोलेक या विदुषीनें १९६५ सालीं शोधून काढलेलें केव्हलार त्याच जातींतलें. हे धागे सहसा ओढीनें तुटत नाहींत. त्यांना धरून ठेवणारें रबर उष्णतेनें सुटतें आणि मग ते उलगडून बाहेर पडतात. तेव्हां पट्टा तुटण्याचें मूळ कारण शंभरांत बहुतेक वेळां उष्णता हेंच होय, हें विसरूं नये. अनुभवी स्वार पट्ट्याचें तपमान ८० अंश सेंटिग्रेडच्या खालीं ठेवण्याची खटपट करतात. तें शंभराच्या वर वारंवार जाऊं लागलें तर पट्ट्याचे दिवस भरलेच म्हणून समजावें.

डोंगर हा पट्ट्याचा वैरी कसा ठरतो? उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या एंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्क्यांनीं घटते. दहा हजार फुटांवर चौथाईहून अधिक शक्ति गेलेली असते. पेट्रोलचें प्रमाण हल्लीं वाहनांतील संगणक आपोआप जुळवून घेतो, आणि त्यामुळें अनेकांची अशी समजूत होते कीं आतां उंचीसाठीं कांहींच करावयास नको. परंतु क्लचांतील वजनें कोणी हलकीं केलेलीं नसतात. दुर्बळ झालेल्या एंजिनावर तींच जुनीं जड वजनें पट्ट्याला लवकर वरच्या गिअरकडे लोटतात. मग जें एंजिन मिनिटास आठ हजारांच्या आसपास फेरे घेतांना पूर्ण शक्ति देतें, तें सात-साडेसात हजारांवरच धापा टाकूं लागतें. घाट चढतांना सायकलस्वारानें सपाटीचा दांता तसाच ठेवावा, त्यांतलाच हा प्रकार. उपाय हलकीं वजनें घालण्याचा. प्रत्येक वजनांतील एका ग्रॅमनें एंजिनाच्या वेगांत शंभराच्या आसपास फेऱ्यांचा फरक पडतो, असा ढोबळ हिशेब मिस्त्री लोक धरतात. स्की-डूच्या टी. आर. ए. क्लचांत वजन न बदलतांही १ ते ६ या खुणांवर पेच फिरवून हें साधतें. एक खूण वाढविली कीं दोनशेच्या आसपास फेरे वाढतात. मात्र तिन्ही पेच एकाच खुणेवर हवेत, नाहीं तर थाळी तिरपी चालून नवेंच दुखणें उभें राहातें. ज्या नव्या वाहनांत टर्बो असतो त्यांची शक्ति उंचीवरही बव्हंशीं टिकते. त्यांना हा हिशेब लागू नाहीं, आणि त्यांचा पट्टा तर अधिकच कष्टांत असतो.

वजनें हलकीं करण्यालाही मर्यादा आहे. वजन जितकें हलकें तितका पहिल्या क्लचचा दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे पुन्हां घसरण. त्यामुळें एंजिनाचे फेरे कारखान्यानें सांगितलेल्या आंकड्यावर आले कीं हात आवरावा. अधिक फेरे म्हणजे अधिक जोर ही समजूत चुकीची आहे. फेरे चढतात पण वाहनाचा वेग वाढत नाहीं असें दिसलें, तर तो पराक्रम नसून पट्टा घसरत असल्याची खूण आहे.

दोष पहिल्या क्लचचा कीं दुसऱ्याचा, हें ओळखण्याची एक सोपी रीत आहे. खोल हिमांत एक दमदार चढण चढावी, लगेच एंजिन बंद करावें, सुरक्षेची दोरी काढावी, आणि सर्व कांहीं पूर्ण थांबल्यावर झांकण उघडून दोन्ही कप्प्यांच्या थाळ्यांचें तपमान पाहावें. त्यासाठीं दुरून तपमान दाखविणारें लहान यंत्र मिळतें; तें नसेल तर हात जपून जवळ नेऊन अंदाज घ्यावा. जी कप्पी दुसरीपेक्षां फारच तापलेली, तिच्यावर पट्टा घसरतो आहे. पहिली तापली तर वजनें फार हलकीं, स्प्रिंग फार ताठ किंवा थाळीवर कांहीं माखलेलें. दुसरी तापली तर तिची स्प्रिंग थकलेली किंवा हेलिक्सचा कोन फार मोठा. कोनाचा आंकडा लहान तितका थाळ्यांचा दाब अधिक आणि चढणीच्या गिअरकडे परतणें जलद. आंकडा मोठा तितकी वेगाकडे धांव अधिक. झाडाझुडपांतून वळणें घेत, थ्रॉटल सोडीत-दाबीत चढणाऱ्यानें लहान कोनाकडेच झुकावें हें बरें. शर्यतींतल्या वाहनाचा संच पाहून तसाच आपल्या क्लचांत भरणारे अनेक जण असतात. त्यांचे पट्टे फार तुटतात.

तुटलेला किंवा खराब झालेला पट्टा हा वाचतां येणारा दस्तऐवज आहे. सगळ्या लांबींत रुंदी सारखी असून एकाच जागीं तो डमरूसारखा बारीक झाला असेल, तर तेथें पहिल्या क्लचच्या थाळ्यांनीं उभ्या पट्ट्याला खरवडलें आहे. रात्रीं गोठलेला ट्रॅक सकाळीं मोकळा न करतां स्वारानें थ्रॉटल दाबलें, किंवा खड्ड्यांत रुतलेलें वाहन निव्वळ जोरानें काढूं पाहिलें, असा त्याचा अर्थ. हा दोष क्लचचा नव्हे, अंगठ्याचा आहे. पट्ट्याची एकच कड विंचरल्यासारखी होऊन तिच्यांतून धागे लोंबत असतील, तर दोन्ही कप्प्या एका रेषेंत नाहींत. दोन्ही बाजू चकचकीत असतील तर दाब कमी, किंवा थाळ्यांवर तेल अथवा पाणी आहे. पोटाकडील दांते तडकले किंवा उडाले असतील तर पट्टा जुना व कडक झालेला आहे, किंवा वाहन फार मोठ्या झटक्यानें सुटतें. आणि सुरीनें कापल्यासारखा आडवा दुभंगला असेल, तर उडी मारून खालीं येतांना थ्रॉटल पूर्ण उघडें होतें काय, हें स्वारानें स्वतःलाच विचारावें.

कप्प्यांची रेषा हा विषय जरा विस्तारानें सांगण्याजोगा आहे, कारण येथें चांगले चांगले मिस्त्रीही फसतात. वाहन उभें असतांना मापपट्टीनें पाहिलें तर सारें सरळ दिसतें. परंतु एंजिन रबरी उशांवर बसविलेलें असतें. पूर्ण जोर लागला कीं पट्ट्याच्या ओढीनें तें दुसऱ्या क्लचकडे किंचित् ओढलें जातें. उशा जुन्या झाल्या असल्या तर हा किंचितपणा वाढतो, आणि उभ्या गाडींत सरळ असलेली रेषा चढणीवर वांकडी होते. म्हणून पट्ट्याची कड वारंवार झिजत असेल तर आधीं उशा, मग सरकत्या थाळीच्या आंतील बुशिंगें, मग वजनांना झेलणारे रोलर तपासावेत. रोलरला एका बाजूस सपाटी आली असेल तर थाळी अडखळत सरकते आणि हें अडखळणें पट्ट्यालाच भोंवतें. मापें हीं त्या त्या वाहनाच्या पुस्तकांतूनच घ्यावीत. शेजाऱ्याच्या वाहनाचीं घेऊं नयेत.

पट्टा दुसऱ्या कप्पींत किती वर बसतो, यालाही महत्त्व आहे. बहुतेक आधुनिक वाहनांत तो थाळीच्या बाहेरील कडेशीं सपाट किंवा एक-दोन मिलिमीटर वर असावा. तो फार आंत बसला असेल तर वाहन खऱ्या चढणीच्या गिअरमधून निघतच नाहीं, आणि प्रत्येक वेळीं निघतांना थोडा पट्टा जळतो. तो फार ताठ असेल तर एंजिन मंद असतांही वाहन पुढें सरकूं पाहातें. झिजून अरुंद झालेला पट्टा नुसता घट्ट करून चालत नाहीं. पुस्तकांत दिलेल्या मर्यादेखालीं रुंदी गेली कीं तो बदलावा.

नवा पट्टा बसविण्यापूर्वीं कोमट साबणाच्या पाण्यानें धुऊन पूर्ण वाळवावा, कारण सांच्यांतून निघतांना त्यावर एक निसरडा थर राहिलेला असतो. थाळ्या अ‍ॅसिटोननें पुसून घ्याव्यात. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेकडे ठेवावा. एकदां ज्या दिशेनें फिरला त्याच दिशेनें तो पुढेंही फिरला पाहिजे. पहिले पन्नासएक किलोमीटर थ्रॉटल पूर्ण उघडूं नये, वेग कमी-जास्त करीत जावें. घाईच्या माणसाला हें जड जातें. पण नव्या जोड्यानें पहिल्याच दिवशीं कोणी पंढरीची वाट धरीत नाहीं.

सकाळीं निघण्यापूर्वीं वाहनाचा मागचा भाग उचलून ट्रॅकमधील गोठलेलें हिम झटकावें, एंजिन चांगलें गरम होऊं द्यावें, आणि आरंभीं हळू जावें म्हणजे थंडीनें कडक झालेला पट्टाही ऊब धरतो. झांकणावरील वारा घेण्याच्या जाळ्या हिमानें बुजतात, त्या प्रत्येक थांब्यावर साफ कराव्यात. खोल हिमांतून आंत आलेलें बारीक हिम तापलेल्या थाळीवर वितळून पाणी होतें आणि पट्टा घसरूं लागतो. अशा वेळीं पार्किंग ब्रेक लावून एंजिन गर्जवीत बसण्यापेक्षां उघड्या जागेंत हळूहळू थोडें चालवून थाळ्या वाळूं देणेंच योग्य. वाहन रुतलें तर खोरें काढावें. खोऱ्यानें पांच मिनिटें खणणें हें पट्टा बदलण्यापेक्षां केव्हांही स्वस्त.

जादा पट्टा बरोबर असलाच पाहिजे, आणि तोही आधीं वापरून सरावलेला. तो दुमडून कोंबूं नये. मोठें वेटोळें करून कोरड्या पिशवींत ठेवावा. वाटेंत पट्टा तुटलाच तर प्रथम वाहन उताराच्या माऱ्यांतून बाजूला काढण्याची खटपट सोबत्यांनीं करावी, मग एंजिन बंद करून सुरक्षेची दोरी काढावी आणि झांकण उघडावें. तुकडे गरम असतात, म्हणून हातमोजे घालावेत. धाग्यांचा एकही गुंता आंत राहूं देऊं नये. पहिल्या क्लचच्या मागें एंजिनाच्या दांड्याभोंवतीं गुंडाळलेले धागे बाहेरून दिसत नाहींत, आणि ते तेथील तेलबंद कातून टाकतात. विजेरी धरून तेथें पाहावें. दुसऱ्या क्लचच्या थाळ्या हाताच्या साधनानें फांकवून तेथील भुगाही झटकावा. मग पट्टा चढवून, क्लचचें झांकण पुन्हां पक्कें लावल्यावांचून एंजिन सुरू करूं नये; उघड्या क्लचमधून उडालेला तुकडा माणसाला जखमी करण्यास पुरेसा असतो. आणि जुन्या पट्ट्याचे तुकडे हिमांत न फेंकतां पिशवींत घालून मुक्कामावर न्यावेत, दिव्याच्या उजेडांत त्यांच्या कडा आणि दांते नीट पाहावेत, आणि दुसऱ्या दिवशीं वजनांना हात लावावयाचा कीं एंजिनाच्या उशांना, हें त्यावरून ठरवावें.